एस. टी. तून उतरलो, मेट्रोत चढलो

सातारा-सांगलीच्या माणसाचे पुणे सुरू होते ते स्वारगेटला. कात्रजचा बोगदा मागे पडला की गाडीतली माणसे फळीवरच्या पिशव्या काढू लागतात, झोपलेल्या पोरांना जागे करतात. गाडी स्थानकात शिरून थांबते न थांबते तोच रिक्षावाले दाराशी येतात. "कुठं जायचं? ससून? स्टेशन? शिवाजीनगर?" गावाकडून आलेला माणूस हातातली चिठ्ठी बघतो, खिसा चाचपतो आणि सांगितलेला भाव मुकाट्याने कबूल करतो. आमच्या वस्तीतल्या कितीतरी जणांचा पुण्याचा पहिला अनुभव हाच आहे.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी याच स्वारगेटच्या जमिनीखालून मेट्रो रेल्वे धावू लागली. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा त्या दिवशी सुरू झाला आणि स्वारगेट थेट पिंपरीशी जोडले गेले. म्हणजे आपली एस. टी. जिथे थांबते, तिथूनच पुढची गाडी मिळू लागली. तरीही आमच्या वस्तीतले लोक रिक्षाच करीत होते.

एका पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर हे बोलणे निघाले. वस्तीतल्या एका काकींना दर महिन्याला ससूनला तपासणीसाठी जावे लागते. जाता-येता रिक्षाचे तीनशे रुपये होतात, म्हणजे त्यांच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त. आम्ही विचारले, "काकी, मेट्रोनं का जात नाही?" काकी म्हणाल्या, "ते आपलं न्हाय बाबा. काचंची दारं, चकाचक फरशी, दाराला शिपाई. आपल्याला आत घेत्यात व्हय?"

काकींचे हे शब्द आमच्या मनातून जाईनात. आम्ही ठरवले की नुसते सांगून उपयोग नाही, बरोबर घेऊन जायचे. काकींची पुढची तारीख सोमवारी होती. त्या सोमवारी काकी, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक तात्या, बी. ए. ला असलेली आमची पुतणी आणि आम्ही दोघे नवराबायको, असे पाच जण साताऱ्याहून निघालो. मिरजेचे आमचे साडू आणि मेहुणी रात्रीच्या गाडीने परस्पर स्वारगेटला येणार होते. त्यांच्या मुलाच्या कॉलेजचे काम होते.

पहाटेचे दोन तास

खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, नीरेचा पूल असे करीत आम्ही आठच्या सुमारास स्वारगेटला उतरलो. साडू आणि मेहुणी वाट बघून कंटाळून गेले होते. त्यांची गाडी पहाटे चारलाच आली होती. मेट्रो सुरू होते सकाळी सहाला. तोवर दोघे सामान मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिले. "झोपायची सोय न्हाय आन् डोळा लागला तर पिशवी जायची भीती," मेहुणी सांगत होती.

सांगली, मिरज, इस्लामपूर, तासगावकडची पुष्कळ माणसे अशी रात्रीच्या गाडीने येतात. एक दिवसाचा खाडा वाचावा हा त्यांचा हिशेब असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच स्वारगेटच्या आवारात उभ्या असलेल्या बसमध्ये पहाटे एका तरुणीवर अत्याचार झाला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला धक्का बसला. पहाटेच्या वेळी एकटीदुकटी उतरणारी बाई किती असुरक्षित असते, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको. मेट्रोची पहिली गाडी आणि गावाकडून येणारी पहिली एस. टी. यांचा मेळ बसायला हवा, ही आमच्या वहीतली पहिली नोंद.

आत घेतले

जमिनीखाली उतरताना काकींनी आमच्या सौभाग्यवतींचा हात घट्ट धरला होता. पहिला प्रश्न सरकत्या जिन्याचा. तात्या जिन्याच्या तोंडाशी थांबून खाली बघत राहिले. एक पाय पुढे टाकायचे आणि मागे घ्यायचे. मागे माणसे खोळंबली. शेवटी पुतणी म्हणाली, "तात्या, पिवळ्या रेघेवर पाय ठेवू नका, मधोमध ठेवा, आन् कठड्याला धरा." तात्या उतरले आणि खाली पोचल्यावर हसून म्हणाले, "ऊस उतरायचा पट्टा असाच असतोय की गं! फकस्त त्याच्यावर आम्ही कधी उभं ऱ्हायलो न्हाय." काकी मात्र उद्वाहनाने, म्हणजे लिफ्टने उतरल्या. प्रत्येक स्थानकात लिफ्ट असते, हे त्यांना ठाऊक नव्हते. गुडघ्याच्या माणसाने जिन्याचा हट्ट धरू नये.

तिकिटाच्या खिडकीवर आम्ही पुणे रेल्वे स्टेशनची तिकिटे मागितली. मेहुणीने सवयीने विचारले, "बायकांचं अर्धं का?" एस. टी. त मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. मेट्रोत तशी सवलत नाही. पूर्ण तिकीट घेतले. भाडे अंतराप्रमाणे असते. हा टप्पा सुरू झाला तेव्हा कमीत कमी १० रुपये आणि जास्तीत जास्त ३५ रुपये असा दर होता. २०२३ साली विद्यार्थ्यांना पदवीपर्यंत ३० टक्के सूट आणि शनिवारी-रविवारी सर्वांनाच ३० टक्के सूट जाहीर झाली. विद्यार्थ्यांना त्यासाठी वेगळे कार्ड काढावे लागते. पुतणीने त्याची माहिती खिडकीवरच विचारून घेतली.

तिकीट म्हणजे कागदाची चिठ्ठी. तिच्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन. तो चौकोन फाटकावरच्या काचेवर धरला की फाटक उघडते. काकींनी चिठ्ठी उलटी धरली, फाटक उघडेना. त्या एकदम कावऱ्याबावऱ्या झाल्या. "बघा, म्या म्हनलं न्हवतं?" असे त्यांचे डोळे आमच्याकडे बघून म्हणत होते. तेवढ्यात तिथे उभी असलेली एक तरुण मुलगी पुढे आली, तिने चिठ्ठी सुलटी करून दिली आणि म्हणाली, "मावशी, असं धरा. आणि चिठ्ठी टाकू नका, बाहेर पडतानाही लागते." फाटक उघडले. काकी आत गेल्या. कुणी नाव विचारले नाही, गाव विचारले नाही, आडनाव विचारले नाही.

मसूरच्या फलाटावरची पोरे

वाचकहो, "आपल्याला आत घेतात का?" हा काकींचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्याला इतिहास आहे आणि तो आपल्या सातारा जिल्ह्यातलाच आहे.

१९०१ सालची गोष्ट. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते आणि साताऱ्यात शिकत होते. त्यांचे वडील खटाव तालुक्यात, दुष्काळग्रस्तांसाठी काढलेल्या तलावाच्या कामावर रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांना भेटायला बाबासाहेब, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले आगगाडीने साताऱ्याहून निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे असा थाट होता. मसूरला उतरली. न्यायला कुणी आले नव्हते. चांगल्या कपड्यांतली पोरे बघून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. मुलांनी जात सांगितली, तसा तो पाच पावले मागे सरला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे देऊनही त्यांना गाडीत बसवून हाकायला तयार होईनात. शेवटी पोरांनीच गाडी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे, असे ठरले. रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवला आहे.

आगगाडीत तिकीट काढून बसता आले, पण फलाटावर उतरल्यावर माणूसपण नाकारले गेले. ज्यांच्या आजा-पणजांनी असली नाकारणी सोसली, त्यांच्या लेकीसुनांना काचेचे दार बघून धास्ती वाटली तर त्यात नवल काय? ही धास्ती एका पिढीत जात नाही. ती घालवायची तर एकदा दारातून आत जावेच लागते.

भुयारातून आकाशात

गाडी आली. तीन डब्यांची, थंडगार. स्वारगेटहून निघाली की मंडई, कसबा पेठ आणि मग जिल्हा न्यायालय. कसबा पेठ सोडल्यावर गाडी मुठा नदीच्या पात्राखालून जाते. आम्ही हे सांगितले तेव्हा तात्या छताकडे बघू लागले. "आपल्या डोसक्यावर नदी? आन् थेंब गळत न्हाय?" शेजारी बसलेले एक कोट घातलेले गृहस्थ हसले आणि तात्यांना भुयार कसे खोदले ते समजावून सांगू लागले. दोघांच्या मांड्या एकमेकांना लागत होत्या. दहा मिनिटेही झाली नाहीत आणि जिल्हा न्यायालय आले. हेच अंतर लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्त्याच्या गर्दीतून काटायला रिक्षाला किती वेळ लागतो, हे पुण्याला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची असते. हे स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर, म्हणजे शंभर फुटांहून जास्त खोल आहे. देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांत त्याची गणना होते. वनाज ते रामवाडी ही दुसरी मार्गिका मात्र तिथे उंच खांबांवरून जाते. म्हणजे विहिरीच्या तळातून निघून माडीवर जायचे. जिने चढता चढता आम्ही एकदा चुकलो आणि वनाजकडच्या फलाटावर जाऊन उभे राहिलो. पाटी नीट वाचली नाही, चूक आमचीच. पाट्या मराठीत आहेत, घाई न करता वाचाव्यात आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनी विचारायला लाजू नये.

दुसऱ्या गाडीत उजेड होता. पुतणी खिडकीला नाक लावून उभी होती. वरून शहराची घरे दिसत होती, गच्च्या दिसत होत्या आणि मधेमधे पत्र्याची छपरे, त्यांवर वाऱ्याने उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड आणि टायर. काकी म्हणाल्या, "हितं बी आपल्यावानीच ऱ्हात्यात की गं."

ज्यांची घरे गेली

त्या छपरांवरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही जिथे गाडी बदलली, त्या जिल्हा न्यायालय स्थानकाजवळ कामगार पुतळा आणि राजीव गांधीनगर या दोन जुन्या वसाहती होत्या. मेट्रोच्या कामासाठी त्या उठल्या. तिथल्या कुटुंबांना विमाननगर आणि हडपसर भागात इमारतींमध्ये घरे देण्यात आली. डोक्यावर पक्के छत आले, हे खरे. पण शिवाजीनगरच्या आसपास धुणीभांडी, सफाई, हमाली करणाऱ्या माणसाला घर हडपसरला मिळाले म्हणजे रोजचा प्रवास किती वाढला, याचा विचार कुणी करायचा? २०२५ साल संपेपर्यंत हडपसरला मेट्रो पोहोचलेली नव्हती. ज्यांनी जागा दिली, त्यांच्या दाराशी गाडी सर्वांत आधी जायला हवी होती.

परतीच्या गाडीत दापोडीच्या एक भगिनी भेटल्या. मूळच्या खटावकडच्या, त्यामुळे लगेच ओळख निघाली. शहरातल्या एका दवाखान्यात सफाईचे काम करतात. पूर्वी बसने तास-सव्वा तास लागायचा, आता निम्म्या वेळेत पोचतात. संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायला वेळ मिळतो म्हणाल्या. आम्ही विचारले, रोज मेट्रोनेच येता? त्या म्हणाल्या, "पगार झाला की पहिले पंधरा दिवस मेट्रो. नंतर बसचा पास." घरखर्च चालवणाऱ्या बाईने मेट्रोच्या भाड्याबद्दल याहून जास्त काय सांगायचे?

मंडईचे स्थानक

काकींची तपासणी दुपारपर्यंत आटोपली. पुणे रेल्वे स्टेशनच्या मेट्रो स्थानकावरून ससून चालत जाण्याजोगे आहे. बाहेर पडून आम्ही बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केले. साडूंचे कॉलेजचे कामही झाले होते. गाडीला वेळ होता म्हणून आम्ही परत येताना मंडईला उतरलो.

या स्थानकावर आपल्या प्रत्येक कुटुंबाने एकदा उतरावे. मंडईपासून पायी जाण्याच्या अंतरावर भिडेवाडा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती तिथे. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला, कारण त्या जागी राष्ट्रीय स्मारक करायचे ठरले आहे. सावित्रीबाई आपल्या सातारा जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातील नायगावच्या. ज्या रस्त्याने आमची एस. टी. आली, त्याच बाजूने त्या लग्न होऊन पुण्याला आल्या. पुतणी तिथे बराच वेळ उभी राहिली.

मंडईला नाव महात्मा फुल्यांचेच आहे. पण जोतीराव नगरपालिकेचे सदस्य होते तेव्हा या मंडईच्या भव्य इमारतीवरील खर्चाला त्यांचा विरोध होता. एवढा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर का खर्च करीत नाही, असा त्यांचा सवाल होता. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला मंजुरी मिळाली तेव्हा खर्चाचा अंदाज ११,४२० कोटी रुपयांचा होता. हा पैसा सर्वांचा आहे. काकी काड्यापेटी विकत घेतात तेव्हाही त्यातून कर भरतात. म्हणून मेट्रो आपली नाही, असे म्हणून दूर राहणे हा आपलाच तोटा. आणि ती आपली आहे म्हटल्यावर जोतीरावांचा सवालही आपणच विचारला पाहिजे: या खर्चातून कष्टकऱ्याच्या वाट्याला काय आले?

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे

एस. टी. ने जाणाऱ्यांनी स्वारगेटला आणि रेल्वेने जाणाऱ्यांनी पुणे स्टेशनला मेट्रो धरावी. पिंपरी, दापोडी, शिवाजीनगरसाठी स्वारगेटहून एकच गाडी. पुणे स्टेशन, येरवडा, रामवाडी, डेक्कन किंवा वनाजला जायचे तर जिल्हा न्यायालयाला बदलायची. १ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला पेरणे फाट्याला जाणाऱ्यांना रामवाडीपर्यंत मेट्रोने जाता येते. रामवाडी नगर रस्त्यावरच आहे, पुढे बस धरावी. देहूरोडच्या बुद्धविहाराला जाणाऱ्यांना पिंपरीपर्यंत मेट्रो आणि पुढे बस किंवा लोकल. १९५४ साली बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली ते हेच विहार.

पिशव्यांची तपासणी होते. विळा, चाकू अशा धारदार वस्तू बरोबर नेऊ नयेत. तंबाखू-गुटखा खाऊन थुंकू नये. हे सांगायला नको, पण आपल्या वागण्यावरून साऱ्या समाजाची पारख करणारे डोळे अजून आहेत. सुटे पैसे जवळ ठेवावेत. तिकिटाची चिठ्ठी बाहेर पडेपर्यंत जपावी.

ऑगस्ट २०२४ मध्ये स्वारगेट ते कात्रज या सुमारे साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मार्गाला केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. तो पुरा झाला की सातारा-सांगलीच्या माणसाला कात्रजलाच उतरून मेट्रो धरता येईल. तोवर आपल्या मागण्या पुढे रेटल्या पाहिजेत. एस. टी. प्रमाणे बायकांना सवलत, पहाटेची गाडी, कष्टकऱ्यांना परवडेल असा महिन्याचा पास आणि उठवलेल्या वस्त्यांना आधी मेट्रो. विहारांनी, महिला मंडळांनी सह्या गोळा करून ही निवेदने दोन्ही जिल्ह्यांतील लोकप्रतिनिधींकडे दिली पाहिजेत.

संध्याकाळी सातारा गाडीत बसल्यावर काकींनी कमरेची पिशवी काढून पैसे मोजले. रिक्षाचे म्हणून बाजूला ठेवलेल्या तीनशेतले बरेच उरले होते. त्यातून त्यांनी नातवासाठी मंडईत पेरू घेतले होते, ते आम्हा सर्वांना एकेक दिले. मग म्हणाल्या, "पुढच्या महिन्याला तुमी नगा येऊ. खालच्या आळीच्या सुनंला बी ससूनलाच जायाचं हाय. तिला मीच घिऊन जाती."

आम्ही त्यांना तिकिटाची एक जुनी चिठ्ठी दिली, चौकोन वर धरायचा की खाली, ते सुनेला दाखवायला. काकींनी ती घडी करून पिशवीत ठेवली.